डॉक्टर म्हणतायत लगेच ऑपरेशन: नेक्रोटायझिंग फॅशायटिसमध्ये दवाखान्यात काय करतात आणि नातेवाईकांनी काय करायचं

ज्यांचं माणूस आत्ता अ‍ॅडमिट आहे आणि डॉक्टर घाईत "नेक्रोटायझिंग फॅशायटिस आहे, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) घ्यावं लागेल" म्हणून फॉर्म पुढं करून गेलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि घरात शुगरचा पेशंट असेल तर तुम्हीपण वाचून ठेवा. मी डॉक्टर नाही. माझ्या मामांच्या पायाला हे झालं होतं तेव्हा मिरजेत दवाखान्यात राहून जे बघितलं, विचारलं, नंतर वाचलं ते सांगतोय.

मटण साफ करताना मांसावर जो पांढरट पातळ पडदा दिसतो ना, तसाच आपल्या स्नायूंवर असतो, त्याला फॅशिया म्हणतात. जंतू त्या पडद्याच्या थरातनं पसरत जातात आणि जाता जाता तिथल्या बारीक रक्तवाहिन्या गोठवतात, रक्त बंद झालं की मांस मरतं. वरची कातडी मात्र सुरवातीला नुसती लाल आणि सुजलेली दिसते आणि इथंच सगळा घोळ होतो, कारण आपल्याकडं पाय लाल होऊन सुजला की धावरं झालंय म्हणायचं, लेप लावायचा, हळद लावायची (सांगलीत हळदीला काय कमी) आणि दोन दिवस बघायचं. साधं सेल्युलायटिस (कातडीतलं वरवरचं इन्फेक्शन) असेल तर गोळ्या-इंजेक्शननं बरं होतंही, हे होत नाही.

ओळखायचं कसं, तर दुखण्यावरनं. दिसतंय थोडं आणि माणूस ओरडतोय एवढं, असं असेल तर थांबू नका. सोबत ताप, थंडी, गळून जाणं, बडबड, लघवी कमी. लाली तासातासाला सरकते म्हणून तिच्या कडेनं पेननं रेघ मारून बाजूला वेळ लिहायची, ड्युटीवरच्या सिस्टरनी मामांच्या नडगीवर अशी रेघ मारली होती आणि थोड्या वेळानं लाली रेघेच्या चार बोटं वर गेलेली सगळ्यांना दिसली, मग कुणाला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. पुढं कातडी जांभळी-काळी पडते, पाण्याचे फोड येतात, कधी दाबल्यावर आत गॅस असल्यासारखं कुरकुरतं. आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे दुखायचं थांबतं. पेशंट म्हणतो "आता बरं वाटतंय", घरचे खूश, खरं तर दुखणं मेंदूला कळवणाऱ्या तिथल्या नसाच मेलेल्या असतात.

सुरवात कशानं पण होते, उसाच्या पाचटानं कापलेलं, काटा, चिखलात भेगाळलेली टाच, गळू, पुराच्या पाण्यात भिजलेली जखम. कधी काहीच सापडत नाही. शुगर, दारूनं खराब झालेलं लिव्हर, किडनीचा आजार, स्टेरॉइडच्या गोळ्या यांच्यात जास्त होतं पण धडधाकट माणसाला पण झालेलं आहे.

गावातल्या छोट्या दवाखान्यात असाल तर पहिला प्रश्न एकच विचारायचा, इथं रात्री सर्जन, भूलतज्ज्ञ आणि आयसीयू आहे का. नाही म्हणाले तर १०८ ला फोन करा. जत, आटपाडीकडनं मिरज गाठायला दीड-दोन तास जातात, शिराळ्याकडनं कराड जवळ पडतं, त्यामुळं सकाळी बघू म्हणत रात्र काढू नका. निघायच्या आधी सलाईन आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देता येतोय का विचारा, आणि दिलेल्या औषधांची चिठ्ठी वेळ टाकून सोबत घ्या.

मोठ्या दवाखान्यात गेल्यावर सगळं एकदम सुरू होतं. दोन्ही हाताला सुया, सलाईन, रक्ताचे नमुने, ब्लड कल्चर (रक्तात कुठला जंतू आहे ते वाढवून बघायची तपासणी), लघवीची नळी. रक्तात सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं), पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन (किडनीचं), शुगर बघतात. या सहा गोष्टींवरनं सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००४ साली एक स्कोअर काढला, सहा किंवा जास्त आला तर संशय वाढतो, पण कमी आला म्हणून आजार नाही असं होत नाही, त्यामुळं "स्कोअर कमी आहे मग कापता कशाला" असं भांडू नका. सीटी स्कॅनमध्ये गॅस किंवा पडद्याची सूज दिसते, पण संशय पक्का असेल तर चांगला सर्जन स्कॅनसाठी थांबत नाही. खरं निदान ओटीतच होतं, छोटा छेद घेतात, आत निरोगी पडदा पांढरा चमकणारा असतो, यात तो राखाडी दिसतो, भांडी धुतलेल्या पाण्यासारखं गढूळ पाणी येतं, रक्त फारसं येत नाही आणि बोट घातलं की थर सहज सुटत जातात.

आता मुख्य गोष्ट, जी मला समजायला वेळ लागला नाही पण आमच्या घरात सगळ्यांना पटवायला लागला. याचा खरा इलाज ऑपरेशन आहे, अँटिबायोटिक सोबतीला. कारण जिथं रक्तच जात नाही तिथं औषध कसं पोचणार? मेलेला भाग निरोगी, रक्त येणारं मांस लागेपर्यंत काढतात, याला डिब्रीडमेंट म्हणतात. जखम उघडी ठेवतात, टाके घालत नाहीत. आणि साधारण २४ तासांत परत ओटीत नेऊन बघतात, अजून काळं सापडलं तर परत काढतात, असं दोन-तीनदा, कधी जास्त वेळा होतं. नातेवाईकांना वाटतं पहिल्या वेळी नीट केलं नाही, किंवा बिल वाढवतायत. तसं नसतं, जंतू कुठवर गेलेत ते पहिल्या दिवशी पूर्ण कळतच नाही. एखाद्याचा पाय काढावा लागतो, तो निर्णय ऐकायला भयंकर आहे पण विचारायचं हे की पाय ठेवला तर जीव वाचायची शक्यता किती, आणि मग सही करायला सगळ्या भावकीची वाट बघायची नाही. एवढं सगळं करूनसुद्धा २० ते ३० टक्के पेशंट जातात, हे कुणीतरी आधीच सांगितलेलं बरं.

औषधांमध्ये बहुतेक तीन नावं दिसतील: मेरोपेनेम किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, सोबत व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड, आणि क्लिंडामायसिन. एवढी का, तर कुठला जंतू ते कळायला कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तोवर सगळ्यांवर मारा. क्लिंडामायसिन जंतूंचं विष तयार होणं थांबवतं म्हणून असतं. रिपोर्ट आला की औषध बदलतात, तेव्हा घाबरू नका. बीपी पडलं तर नॉरअ‍ॅड्रेनलिन, श्वासाला व्हेंटिलेटर, किडनी बसली तर डायलिसिस, शुगरसाठी इन्सुलिनचा पंप.

शुगरची कुठली गोळी चालू आहे ते नावासकट सांगा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये गुप्तांगाच्या भागातल्या अशाच इन्फेक्शनबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ मध्ये इशारा दिलाय. क्वचित होतं, म्हणून घरी बसून गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

तुमची कामं: एक माणूस दवाखान्यात कायम, फोन चार्ज असलेला, सही करायचा अधिकार घरच्यांनी आधीच ज्याला दिलाय असा. रक्त देणारे दोन-चार जण गोळा करून ठेवा. रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राच्या (सरकारी योजनेची माहिती देणाऱ्या माणसाच्या) टेबलावर जा, महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं, पण हा दवाखाना आणि हे ऑपरेशन त्यात बसतंय का ते पहिल्या दिवशीच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

आयसीयूतनं बाहेर आलं की ड्रेसिंगचा काळ, तो लांब असतो. ड्रेसिंगच्या आधी दुखणं कमी करायचं इंजेक्शन मागून घ्या, लाजू नका. बऱ्याच ठिकाणी व्हॅक लावतात, म्हणजे जखमेत स्पंज, वर चिकटपट्टी आणि नळीला मशीन, ते घाण पाणी ओढून घेतं, दोन-तीन दिवसांनी बदलतात. रात्री मशीन वाजायला लागलं तर बहुतेक कुठंतरी हवा शिरलेली असते, सिस्टरना उठवा. खाणं महत्त्वाचं, अंडी, डाळ, दूध, पनीर, चालत असेल तर मासे. किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते विचारून. नुसत्या पेजेवर एवढी जखम भरत नाही, भेटायला येणाऱ्यांना नारळपाण्याऐवजी उकडलेली अंडी आणायला सांगा.

जखम लाल दाणेदार झाली की मांडीची पातळ कातडी काढून तिथं लावतात. मांडीची जागा जखमेपेक्षा जास्त झोंबते, दोन आठवड्यांत भरते. घरी गेल्यावर खोबरेल तेल लावून हलक्या हातानं चोळायचं, फिजिओथेरपी सोडायची नाही नाहीतर घोटा आखडतो, आणि शेतात जाताना बूट. मामा अजून चपलेवर जातात, आमची रोज भांडणं होतात.