पोराला ‘नाही’ ऐकायला शिकवताना

बोलायचं असेल तर गाडीवर बोला. समोर बसवून ‘बाळा, जरा बोलायचंय’ म्हटलं की पंधरा वर्षांचं पोरगं तिथून काढता पाय घेतं. रविवारी नाशिकहून गंगापूर धरणाकडे जाताना माझा पोरगा मागे बसतो. तोंडं दिसत नाहीत, म्हणून दोघांचीही लाज निम्मी होते.

सुरुवात उपदेशाने नको, स्वतःच्या चुकीने करा. मी सांगितलं, कॉलेजात असताना आम्ही तिघं एका मुलीच्या सायकलमागे तिच्या गल्लीपर्यंत रोज जायचो. त्याला आम्ही ‘लाइन मारणं’ म्हणायचो. काही दिवसांनी तिने क्लासची वेळच बदलली. आम्हाला वाटलं, लाजली! पोरगा आनंदवलीपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, “घाबरली असेल ना ती?” मी हो म्हणालो. सोमेश्वर येईपर्यंत मग कुणीच काही बोललं नाही.

घरात एक नियम लावा : ‘बास’ म्हटलं की बास, तेही पहिल्यांदाच. गुदगुल्या असोत, कुस्ती असो, नाहीतर मावशीने गालाची पप्पी मागणं असो. त्याला नको असेल तर मावशीला रुसू द्या. ज्याचं ‘नको’ घरात कुणी ऐकलं नाही, तो दुसऱ्याचं कुठून ऐकणार? आणि बायको ‘आत्ता नको’ म्हणाली की बाप तोंड फुगवून बसतो का, हे पोरं बरोबर टिपतात. (मी फुगवायचो.)

सरावाला आपल्याकडे रंगपंचमी आहे. रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा (उडी) मारणारा स्वतःच्या पायाने काठावर येतो. त्याला मागून ढकलायचं नाही, एवढं आधी सांगा. तिवंधा चौकातल्या गर्दीत काय किंवा आपल्या सोसायटीत काय, आधी विचारायचं, ‘रंग लावू का?’ आणि उत्तरासाठी थांबायचं. मुलगी मागे सरली, कसनुसं हसली, गप्प राहिली, तर ते ‘हो’ नाही. गेल्या वर्षी ‘हो’ होतं म्हणून यंदाही असेल, असंही नाही.

फोनचं जास्त अवघड. आमचा नियम : मेसेजला उत्तर नाही आलं तर दुसरा पाठवायचा नाही. मुलांच्या ग्रुपवर कुणी मुलीचा फोटो टाकला तर काय म्हणायचं, याची वाक्यं आधीच पाठ करून घ्या, कारण ऐनवेळी धीर होत नाही. माझ्या पोराला मी माझंच नाव वापरायला दिलंय : ‘डिलीट कर यार, माझा बाप फोन चेक करतो.’ मी करत नाही, पण मित्रांना काय माहीत!

कायदा शेवटी सांगा, नाहीतर पोरगं भीतीने गोष्टी लपवायला लागतं. पण सांगा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल आहे, आणि त्याचा किंवा तिचा होकार कायदा धरत नाही. अठराच्या आतल्या कुणाचा नग्न फोटो जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं, दोन्ही महागात पडतं. मुलीने नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. म्हणजे आमची ती सायकल. हेही सांगा की पॉक्सो मुलग्यांनाही संरक्षण देतो. त्याच्याशी कुणी तसं वागलं तर घरी सांगायचं, आणि घरी जमलं नाही तर 1098, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर, लावायचा.

गेल्या महिन्यात क्लासमधल्या एका मुलीने त्याला ‘नको’ कळवलं. त्याने ‘ओके’ लिहिलं आणि थांबला. मला दोन दिवसांनी कळलं, तेही त्र्यंबक रोडच्या सिग्नलवर. मी काही बोललो नाही, गाडी मिसळीकडे वळवली. त्याने तर्री दोनदा मागून घेतली. डोळ्यांत पाणी आलं ते तर्रीचंच, असं आम्ही दोघांनीही धरून चाललो.