आधी दोन पानं लिहा, मग खून कुणी केला ते बघा

शरदात रहस्यकथा वाचायच्या आणि स्वतःचंही काही लिहायचं ठरवलं, की दोन्हींचा डोळा एकाच वेळेवर असतो: रात्रीची जेवणं उरकल्यानंतरचा तास-दीड तास. त्यात रहस्यकथा दरवेळी जिंकते, कारण तिची बांधणीच तशी असते. प्रकरण संपता संपता दार वाजतं, कुणाचं तरी पत्र सापडतं, आणि पुस्तक खाली ठेववत नाही. म्हणून लेखन आधी, वाचन नंतर. आणि वाचताना प्रकरणाच्या शेवटी थांबू नका. नवं प्रकरण सुरू करा, तीन-चार पानं पुढं गेलं की पात्रं बसून बोलायला लागतात, तिथं खूण घाला. लिहिताना मात्र पुढचं वाक्य ठाऊक असेल तेव्हाच उठा आणि ते वाक्य समासात टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाकडे बघत बसावं लागत नाही.

वेळ कुठून काढायचा? सांगलीकडे याचं उत्तर पंचांगातच आहे. अनंत चतुर्दशीनंतरचा पितृपंधरवडा हा लिहिण्यासाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ. लग्नकार्यं नाहीत, मोठी खरेदी नाही, आमंत्रणं जवळजवळ नाहीत. रोज अर्धा तास बसलात तर हातानं दीडशे ते दोनशे शब्द होतात, म्हणजे घटस्थापनेपर्यंत दोन हजार शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा तयार. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आवराआवर, फराळ, मुलांच्या सहामाही परीक्षा. त्या दिवसांत नवं लिहायचा हट्ट धरू नका, फक्त वाचा. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदारांचं गणित वेगळं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांमुळे दिवस हातात राहत नाही, तेव्हा छाटणीआधीच खर्डा उरकावा.

वाचनाचा हिशोब सोपा आहे. मराठी कादंबरीची तासाला साधारण तीस पानं होतात. २४० पानांची कादंबरी आठ तासांची. रोज पाऊण तास दिला तर अकरा रात्री. मोसमाला दोन कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह पुरे. अंक विकत घेण्याऐवजी वाचनालयाची दिवाळी अंक योजना घ्या. एकदा वर्गणी भरली की एक अंक परत करून दुसरा नेता येतो. ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला दिवाळीतच सर्वांत मोठा वाचकवर्ग भेटत आला आहे. आपल्याला छापून आणायची ती कथा कशी असते, ते इथंच कळतं.

दोनांपैकी एक कादंबरी मात्र दोनदा वाचा. खरं शिक्षण दुसऱ्या वाचनात होतं. फुलस्केप कागदावर चार रकाने पाडा: पान क्रमांक, खूण (म्हणजे गुन्ह्याचा सुगावा), ती कुणाच्या तोंडून आली, खरी की फसवी. गुन्हेगार ठाऊक असल्यामुळे लपवण्याच्या जागा आता उघड दिसतात. महत्त्वाची वस्तू यादीत मधोमध बसवलेली असते. किंवा खूण दिल्या दिल्या भांडण पेटतं आणि वाचकाचं लक्ष तिकडं जातं. कधी ती अशा माणसाच्या तोंडी असते, ज्याचं घरात कुणी ऐकत नाही. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला एक आजही मोडू नये असा आहे: तपास करणाऱ्याला जे सापडतं, ते वाचकालाही दिसलंच पाहिजे. बहुतेक नव्या कथा इथंच फसतात. शेवटच्या पानावर अचानक जुळा भाऊ उगवतो आणि वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

हे आपल्या मातीत कसं करायचं? कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर घ्या. तिथं हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे. आतली हवा कोंडलेली असते, जीव गुदमरतो, म्हणून तोंड उघडं ठेवून बराच वेळ थांबत. ही माहिती पहिल्या तीन पानांतच द्या, पण सहज: हमाल पेवाच्या तोंडाशी थांबलेत, मुकादम उशीर झाला म्हणून ओरडतोय, आणि लगेच मजुरीवरून वाद. शेवटी जो म्हणेल ‘उघडल्या उघडल्या मी खाली उतरलो आणि तासभर पोती भरली’, त्याचं खोटं त्या थांबण्यावरूनच पकडता येतं. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, तेव्हा कथेचा काळ त्याआधीचा ठेवलेला बरा.

पात्रं सहाच्या वर नेऊ नका. सुरेश, सुनील, सुधीर अशी नावं एकत्र आली की वाचक गोंधळतो. प्रत्येकाचं पहिलं अक्षर वेगळं हवं.

पावसाळ्यात दमट झालेली पुस्तकं वाचण्याआधी सावलीत, वारा लागेल अशी अर्धवट उघडून उभी ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात टाकलीत तर बांधणीचा डिंक तडकतो. कसर दिसली तर पानन् पान मऊ ब्रशनं झाडा. वाचताना भडंग हवाच, पण चमच्यानं खा. तेल-हळदीचा डाग कागदावरून जात नाही, आणि पुस्तक वाचनालयाचं असतं.

भाऊबीजेनंतर खर्डा पुन्हा काढा. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं, म्हणून तो मराठी रंगभूमी दिन. त्या आठवड्यात संवाद मोठ्यानं म्हणून बघा. जिथं जीभ अडखळते, तिथं पात्राऐवजी लेखक बोलतोय असं समजा आणि वाक्य तोडा. मग पहिलं पान काढून दुसऱ्यापासून वाचा; कथा कळत असेल तर पहिलं पान नको होतं. या दिवाळीचे अंक छापून झालेले असतात, त्यामुळे कथा पुढच्या वर्षासाठी ठेवा. अंकांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं. मे महिन्यात शब्दमर्यादा विचारून घ्या आणि स्वच्छ प्रत पाठवा, एका वेळी एकाच अंकाकडे.