आसन जमतं, सोडताना घोटाळा होतो: या चुका टाळा

"पाठीत उसण भरलीय ओ मॅडम, कुठलं आसन बंद करू?" हा प्रश्न मला वर्गात सारखा येतो. मी उलट विचारते, "आसनात असताना भरली की सोडताना?" बरेच जण गप्प होतात. नीट आठवून सांगतात तेव्हा उत्तर बहुधा एकच असतं: सोडताना. पाय खाली टाकताना, पटकन उठून बसताना, नाहीतर वक्रासनात पीळ तसाच असताना मागच्याशी बोलायला मान वळवली म्हणून.

माझा वर्ग सोलापूरच्या पूर्व भागात, एका गच्चीवर भरतो. यंत्रमागावर आयुष्य काढलेले एक काका तिथे येतात. हलासनात पाठीवर झोपून पाय डोक्यामागे नेतात; तिथून पाय सावकाश आणा, असं मी घसा फोडून सांगत होते, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "माग मधेच थांबवून परत चालू केला की कापडावर आडवा पट्टा उमटतंय बघा. चालू मागात नाही येत." इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

पाय 'धप्प' आपटणे

सर्वांगासन (खांद्यांवर तोल, पाय सरळ वर) किंवा हलासनातून परतताना हे सर्रास होतं. तोवर पोटाचे स्नायू दमलेले असतात. पाय ताठ ठेवून खाली आणायला गेलं की पोट सुटतं, कंबर कमानीसारखी उचलली जाते आणि दोन्ही पायांचं ओझं कमरेच्या मणक्यांवर येतं. उसण भरते ती इथे.

उपाय साधा आहे, फक्त त्यात मिरवण्यासारखं काही नाही. गुडघे वाकवून कपाळाकडे घ्या. तळवे पाठीला टेकलेले राहू द्या आणि पाठ वरून खाली, एकेक मणका टेकवत आणा. डोकं जमिनीवरून उचलायचं नाही. कंबर पूर्ण टेकली की गुडघे वाकलेलेच ठेवून आधी तळपाय जमिनीवर, मग एकेक पाय सरळ. शेवटच्या वीतभर अंतरात लोक हमखास सोडून देतात, म्हणून कान तिथे ठेवा. आवाज आला तर पुढच्या वेळी आसनातला वेळ निम्मा करा. परत यायची ताकद शिल्लक ठेवूनच आसनात थांबायचं असतं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एकदा घरी हलासनात असताना स्वयंपाकघरातून दूध उतू जायचा वास आला आणि मी एका झटक्यात उठले. दूध गेलंच, वर तीन दिवस मला अंथरूण झटकता येत नव्हतं.

मानेचा त्रास, काचबिंदू किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर ही दोन्ही आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

डोळ्यांपुढे अंधारी येणे

पादहस्तासनातून, म्हणजे उभ्यानं पुढे वाकून हात पावलांशी टेकवलेले असताना, सरळ वर उसळी मारली, की हे होतं. उभं राहताच सुमारे अर्धा ते एक लीटर रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या रक्तवाहिन्यांना दाब कमी झाल्याचं कळतं, मग हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि मेंदूचा पुरवठा सावरतो. या सगळ्याला काही क्षण लागतात. आपण तेवढेही देत नाही. त्यात सोलापूरचा मे महिना! पारा 42 च्या वर, रात्री घाम गाळून सकाळी पाणी न पिता लोक गच्चीवर हजर. आठ वाजता तर फरशी पाय ठेवू देत नाही. म्हणून उन्हाळ्यात मी वर्ग साडेपाचला घेते आणि निघण्याआधी घोट-घोट पाणी पिऊन या म्हणते.

वर येताना गुडघे किंचित वाकवा, हात मांड्यांवर टेका, पाठ हळूहळू उलगडा. डोकं सगळ्यात शेवटी. उभं राहिल्यावर दोन श्वास तिथेच. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नक्कीच. तरीही वारंवार चक्कर येत असेल, तर झोपून आणि मग उभं राहून रक्तदाब मोजून घ्या. उभं राहिल्यावर 3 मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा जास्त घसरला, तर काम डॉक्टरांचं आहे, माझं नाही.

शवासनातून ताडकन उठणे

मोबाईल वाजला की निम्मा वर्ग उठून बसतो. "कुशीवर वळून हाताच्या आधारानं ऊठ," असं आजी सांगायची ना? तेच इथे करायचं. 'कराग्रे वसते लक्ष्मी' म्हणत तळहात बघायचे आणि मगच जमिनीला पाय लावायचा, या रिवाजातही झोप आणि धावपळ यांच्यामध्ये अर्धा मिनिट मिळतोच की.

सूर्यनमस्कारात पाय फेकणे

रथसप्तमी जवळ आली की सगळे आकड्यांच्या मागे. पर्वतासनातून (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) पाऊल दोन हातांच्या मध्ये आणायचं असतं, ते अर्ध्यावरच पडतं आणि लोक तिथूनच पुढची स्थिती घेतात. गुडघा पावलाच्या पुढे झुकतो, दुखतो आणि दोष सूर्यनमस्काराला लागतो. मागचा गुडघा टेकवा, पाऊल दोन टप्प्यांत आणा, हवं तर घोट्याला धरून पुढे घ्या. कुणी हसणार नाही. 12 नमस्कारांत श्वास तुटत असेल तर 6 घाला.

वज्रासनात पायाला मुंग्या आल्या तर लगेच उभं राहू नका. बधिर पाऊल वाकडं पडतं. पाय पुढे पसरून पंजे हलवा, मुंग्या गेल्या की उठा. मात्र कंबरेतून कळ पायात खाली उतरत असेल किंवा बधिरपणा जातच नसेल, तर व्यायाम थांबवून तपासून घ्या.

आणि एक आपल्या गावची खास चूक: शहाबादी फरशीवर सोलापुरी चादर टाकून आसनं करणे. बसून करायच्या आसनांना ठीक आहे, पण उभ्यानं पाय सरकवायची वेळ आली की चादर आपल्या आधी निघते. उभ्याच्या आसनांना रबरी मॅट घ्या, नाहीतर चक्क फरशीवर अनवाणी करा. चादरीची घडी करून शवासनात गुडघ्यांखाली घाला. तिथे तिच्यासारखं दुसरं काही नाही.