कोलॅजन क्रीम लावताय? या चुका टाळा

पाया सूप रात्री फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी त्याची थरथरणारी जेली झालेली असते. ती जेली म्हणजे हाडं आणि कातडीतलं कोलॅजन हे प्रथिन, उकळून उकळून जिलेटिन झालेलं. ते सूप हाताला चोळलं तर हात चिकट होतात, तरुण होत नाहीत. कोलॅजन क्रीमची बाटली कितीही देखणी असली तरी तिचीही गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही. तरी क्रीम अगदीच निरुपयोगी नसतं. घोळ होतो तो त्याच्याकडून भलतंच काम अपेक्षिलं जातं म्हणून.

चूक १: वरून लावलेलं कोलॅजन आतल्या कोलॅजनात भर घालतं, असं समजणं

आपलं कोलॅजन असतं डर्मिस या आतल्या थरात. पाणी वगळलं तर डर्मिसचं ७० ते ८० टक्के वजन कोलॅजनचंच. त्याच्यावर एपिडर्मिस, आणि अगदी वर मृत पेशींचा १०-२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा. पापुद्रा पातळ, पण राखणदार म्हणून कडक. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठा रेणू तो सहसा आत सोडत नाही. २००० साली दोन डच संशोधकांनी मांडलेला हा '५०० डाल्टनचा नियम' त्वचेच्या औषधांच्या बाबतीत आजही आधाराला घेतला जातो. अखंड कोलॅजनचा रेणू आहे सुमारे ३ लाख डाल्टनचा, म्हणजे मर्यादेच्या सहाशे पट.

यावर 'आमचं कोलॅजन हायड्रोलाइज्ड आहे' हे उत्तर ठरलेलं. हायड्रोलाइज्ड म्हणजे तुकडे केलेलं. पण हे तुकडेही बहुतेक वेळा काही हजार डाल्टनचे असतात. आणि समजा, चिमूटभर आत गेलेच, तरी ते तसेच्या तसे धाग्यात विणले जात नाहीत. डर्मिसमधल्या फायब्रोब्लास्ट पेशी अमिनो आम्लांपासून स्वतःच साखळ्या बनवतात. क जीवनसत्त्वाच्या मदतीने त्या पक्क्या होतात, तीन-तीनचा पीळ बसतो आणि मग पेशीबाहेर त्यांचे धागे जुळतात. गच्चीवर विटांचा चुरा टाकून तळमजल्याची भिंत उभी राहत नाही.

एक जुना दाखला बोलका आहे. १९८१ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सुरकुत्यांसाठी गायीच्या कोलॅजनचं इंजेक्शन मंजूर केलं. आधी ॲलर्जीची चाचणी, मग सुई, आणि परिणाम टिकायचा जेमतेम काही महिने. चोळून काम भागलं असतं तर सुई कोणी टोचून घेतली असती?

चूक २: सकाळचा तजेला हाच पुरावा मानणं

'पण मला फरक दिसतोय ना!' दिसणारच. कोलॅजन पाणी धरून ठेवतं आणि त्वचेवर पातळ पटल तयार करतं. पाणी उडून जायचं प्रमाण घटतं, वरचा थर फुगतो, बारीक रेषा बुजल्यासारख्या होतात. हा परिणाम खरा आहे, पण तो मॉइश्चरायझरचा आहे. ग्लिसरीनही हेच करतं, तेही फार कमी पैशांत.

शंका असेल तर घरीच तपासा. दोन आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला कोलॅजन क्रीम, दुसऱ्या बाजूला ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझर लावा. बाकी सगळं दोन्हीकडे सारखं. फोटो एकाच खिडकीच्या उजेडात, एकाच वेळी काढा. मग दोन्ही बंद करा. तीन-चार दिवसांत तजेला ओसरला तर ते पाणी होतं. डर्मिसमध्ये खरा बदल व्हायला महिने लागतात, आणि तो असा चार दिवसांत पळून जात नाही.

शीट मास्कचंही तेच. १५-२० मिनिटांत काढा. सुकून कडक होईपर्यंत ठेवला तर त्वचाच ओढल्यासारखी होते. काढल्यावर वरून मॉइश्चरायझर लावा, नाहीतर मिळालेला ओलावा तासाभरात उडतो. रात्रभर ठेवायचे जेल मास्क सकाळी पारदर्शक झाले की 'कोलॅजन आत गेलं' असं सांगतात. बदल झालेला असतो तो जेलमध्ये. आत काय पोचलं, हे त्यावरून कळत नाही.

चूक ३: लेबलचा पुढचा भाग वाचून पैसे देणं

बाटली उलटी करा. घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. १ टक्क्याखालचे मात्र कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक (माल खराब होऊ न देणारं रसायन) जास्तीत जास्त १ टक्का वापरतात, त्यामुळे कोलॅजनचं नाव त्याच्यानंतर आलं तर मालात ते १ टक्क्याहून जास्त नाही, हे ओळखा. 'व्हेगन' किंवा 'वनस्पतीजन्य कोलॅजन' लिहिलेलं दिसलं तर आणखी सावध राहा: वनस्पतींमध्ये कोलॅजन नसतं. ते दुसरंच काहीतरी असतं किंवा यीस्ट वगैरेकडून बनवून घेतलेलं असतं. मरीन म्हणजे माशाची कातडी-खवले, बोव्हाइन म्हणजे गोवंशीय. शाकाहारी मंडळींनी आणि मासळीची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे पाहूनच घ्यावं.

चूक ४: वळ्या निघाल्या तरी चोळत राहणं

सीरमवर सनस्क्रीन चोळलं की मळासारख्या वळ्या निघतात, ही नेहमीची तक्रार. कोलॅजनचं पटल वाळायच्या आत त्यावर सिलिकॉनयुक्त क्रीम घासलं की असं होतं. सीरम किंचित ओल्या चेहऱ्यावर दोन-तीन थेंबच घ्या, चार-पाच मिनिटं थांबा, पुढचा थर चोळू नका, थापा. कोकणातल्या दमट हवेत दोन थर पुरतात. पुण्याच्या थंडीत वरून जाडसर क्रीम लागतं.

चूक ५: क्रीमवर खर्च, सनस्क्रीनवर काटकसर

खरं नुकसान इथे आहे. उन्हातले यूव्हीए हे अतिनील किरण डर्मिसपर्यंत पोचतात आणि कोलॅजन तोडणारी विकरं वाढवतात. खिडकीच्या साध्या काचेतूनही ते आत येतात. ऑस्ट्रेलियात ९०० हून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले: रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वार्धक्याच्या खुणा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी दिसल्या.

चेहरा आणि मानेला तर्जनी-मधलं बोट भरून दोन रेघा एवढं लागतं. वाटाण्याएवढं लावलं तर डब्यावरचा एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) डब्यावरच राहतो. एसपीएफ ३० किंवा जास्त, सोबत पीए+++ (यूव्हीएपासूनच्या संरक्षणाची खूण) पाहा, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

कोलॅजन बनवायला पेशींना खरोखर उद्युक्त करणारी गोष्ट हवी असेल तर ती ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं त्वचेला लावायचं औषध. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हाने खराब झालेल्या त्वचेत त्याने कोलॅजन वाढल्याचं दिसलं. ते डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यायचं. सुरुवात बहुधा ०.०२५ टक्क्याने, पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं, रात्री, आठवड्यातून दोनदा. लाली आणि सालं सुरुवातीला निघतातच. गरोदरपणात किंवा त्याची तयारी असेल तर ते नकोच. त्याच कुळातलं रेटिनॉल सौम्य आणि संथ. क जीवनसत्त्वाचं सीरम १० ते २० टक्के आणि आम्लधर्मी (पीएच ३.५ च्या खाली) असेल तर जास्त उपयोगी, आणि ते गडद तपकिरी झालं की फेकून द्यावं.

चूक ६: 'आत जात नाही ना, मग भोकं पाडू'

घरी डर्मारोलर (बारीक सुयांचा रोलर) फिरवून वर कोलॅजन सीरम ओतणं हा या सगळ्यातला सर्वांत महागात पडणारा उद्योग. राखणदार पापुद्र्याला छिद्रं पडली की सीरममधला सुगंध, परिरक्षक, प्राण्याचं प्रथिन, जंतू, सगळंच आत जातं. ही रसायनं त्वचेवर लावायला बनवलेली असतात, त्वचेत टोचायला नव्हे. अशा वापरानंतर चेहऱ्यावर महिनोन्महिने टिकणाऱ्या गाठी आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शिवाय आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर साध्या जखमेचाही काळा डाग राहतो. रोलर फिरवून झाला असेल आणि आता जळजळ होत असेल तर सगळी सीरम बंद करा, थंड पाण्याने धुवा, फक्त पेट्रोलियम जेली लावा. ४८ तासांत लाली उतरली नाही किंवा गाठी जाणवल्या तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना सीरमची बाटली सोबत न्या. घटकांची यादी त्यांना लागेल.