प्रोजेक्टची रीडमी: दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालेल अशी

शेवटच्या वर्षाची ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा छापील अहवाल) कितीही जाडजूड असो, कोड चालवायचा कसा ते तिच्यात सहसा सापडत नाही. ते काम रीडमीचं, म्हणजे कोड चालवायच्या सूचना लिहिलेल्या फाइलचं. ही फाइल प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवा, गिटहब ही कोड ठेवायची वेबसाइट ती रेपोच्या (तुमच्या कोडच्या साठ्याच्या) पानावर आपोआप दाखवते. ती वाचणार पुढच्या वर्षीचा ज्युनिअर, नाहीतर व्हायवाच्या आदल्या रात्री तुम्हीच.

सुरुवात एका वाक्याने करा: ‘लायब्ररीतलं पुस्तक कोणाकडे आहे आणि परत कधी येणार, हे दाखवणारं वेब अ‍ॅप.’ ‘अत्याधुनिक तंत्रज्ञानावर आधारित सर्वसमावेशक प्रणाली’ ब्लॅक बुकातच राहू द्या. खाली एक स्क्रीनशॉट टाका.

खरी मेहनत इन्स्टॉलेशनवर घ्या. समजा, फ्लास्क (पायथनमध्ये वेब अ‍ॅप बनवायची लायब्ररी) आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरलाय. नुसतं ‘पायथन लागेल’ लिहू नका, ज्यावर चालवून पाहिलंय तो आकडा लिहा: पायथन ३.११, मायएसक्यूएल ८.०. पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स हे पॅकेजेस बसवायला लागणारं जुनं मॉड्यूल काढून टाकलंय, त्यामुळे बरीच जुनी पॅकेजेस तिथे इन्स्टॉलच होत नाहीत.

पॅकेजेसची यादी पिप फ्रीझ या कमांडने काढा, पण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (फक्त या प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळी ठेवणारं फोल्डर) चालू करून. नाहीतर लॅपटॉपवर आजवर टाकलेलं सगळंच त्या यादीत येतं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये हे एन्व्हायर्नमेंट चालू करताना बऱ्याचदा ‘स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही’ अशी लाल एरर येते. तिथे ‘कमांड प्रॉम्प्ट वापरा’ ही एक ओळ पुरते.

डेटाबेससाठी टेबलांची एसक्यूएल फाइल, दहा-पंधरा नमुना नोंदी आणि एक चाचणीचं लॉगिन द्या. डेटाबेस तयार करायच्या कमांडमध्ये कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ८एमबी४ असा स्पष्ट लिहा; त्यात मराठी बसतं. मायएसक्यूएल ५.७ चा डीफॉल्ट लॅटिन१ होता. त्यात मराठी नाव भरलं की एरर येते, नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात. एकदा ती साठली की मूळ अक्षरं गेली, नंतर कॅरेक्टर सेट बदलून परत येत नाहीत. झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं सॉफ्टवेअर) आधीपासून चालू असेल तर त्याचा डेटाबेसही मायएसक्यूएलचा ३३०६ हाच पोर्ट (जोडणीचा क्रमांक) धरून बसतो, तेही नोंदवा.

पासवर्ड रीडमीत नको आणि रेपोतही नको. पासवर्डसारख्या सेटिंग्ज ठेवायची एन्व्ह फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइल्सच्या यादीत) टाका आणि सेटिंग्जची नुसती नावं असलेली, व्हॅल्यू रिकाम्या ठेवलेली नमुना फाइल सोबत द्या. पासवर्ड चुकून कमिट झालाच (गिटच्या इतिहासात नोंदला गेलाच), तर पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, जुन्या इतिहासात तो राहतो. आधी पासवर्ड बदला.

प्रत्येक कमांडखाली काय दिसायला हवं ते लिहा: ‘ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:५००० उघडा, लॉगिनचं पान येईल.’ मॅकवर मॉन्टेरेपासून एअरप्ले रिसीव्हर हाच ५००० पोर्ट घेतो, म्हणून ५००१ वर चालवायची कमांडही शेजारी द्या.

आता रीडमी दुसऱ्या ग्रुपमधल्या कोणाला तरी द्या आणि तोंड बंद ठेवून शेजारी बसा. तो जे जे विचारेल, ती प्रत्येक ओळ रीडमीत राहून गेलीय. कोणी सापडलं नाही तर स्वतःच्याच मशीनवर नव्या फोल्डरमध्ये रेपो क्लोन करा, म्हणजे गिटहबवरून त्याची नवी प्रत उतरवा. कमिट करायची विसरलेली फाइल त्यात पकडली जाते. मायएसक्यूएल मात्र तिथे आधीच बसलेलं असतं, त्याची राहून गेलेली पायरी काही कळणार नाही.