हलणाऱ्या माणसाचं स्केच कसं करायचं? ढोलपथकाच्या सरावाला जा

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या बऱ्याच जणांचा हात वस्तुचित्रात छान बसलेला असतो पण समोरचा माणूस हलायला लागला की पेन्सिल अडते. कारण सवय कडा काढायची, डोक्यापासून सुरू करून कडेकडेने पायापर्यंत पोचेस्तोवर पोझ केव्हाच गेलेली असते. जेश्चर ड्रॉइंगमधे, म्हणजे हालचाल पकडणाऱ्या झटपट स्केचमधे, आधी शरीर काय करतंय ते काढायचं, ते दिसतं कसं हे नंतर.

यासाठी मला सगळ्यात भारी वाटतो तो गणपतीच्या आधी पुण्यात नदीकाठी चालणारा ढोलपथकांचा सराव. तीच हालचाल पुन्हा पुन्हा येते त्यामुळे हुकली तरी परत मिळते. पथकातल्या कुणाला तरी विचारून बाजूला बसा, आणि कानात बोळे घालाच.

सामान साधं. न्यूजप्रिंट कागद, बोर्ड, क्लिप, चारकोल नाहीतर ६बी पेन्सिल. कागद निदान ए३ हवा, छोट्या वहीत नुसती बोटंच हलतात. खोडरबर घरीच ठेवा. पेन्सिल लिहिताना धरतो तशी नको, आडवी धरा, तळव्याखाली, आणि रेष खांद्यातून येऊ दे. सुरुवातीला रेषा वेड्यावाकड्या येतील, येऊ देत.

आता एकच वादक निवडा आणि काढायच्या आधी थोडा वेळ नुसतं बघा. ढोल कमरेला बांधलेला, सगळं वजन पुढे, म्हणून तो पाठ जराशी मागे टाकतो आणि गुडघे सैल सोडतो. टाचेपासून पाठीतून मानेपर्यंत जाणारा हा बाक, हीच तुमची पहिली रेष, एका दमात, हात न उचलता. मग खांद्यांची तिरकी रेष, टिपरूचा (ढोल वाजवायच्या काठीचा) हात वर गेला की तो खांदा पण वर जातो. मग कमरेची, ती बऱ्याचदा खांद्यांच्या उलट कलते. ढोलाचा एक लंबगोल टाका आणि थांबा, ३० सेकंद झाले. चेहरा, बोटं, कपडे काही नको.

यातच रेषेचा दाब सांभाळायचा. भार ज्या पायावर आहे तिथे, दोरी कमरेत रुतते तिथे दाबून काढा, टिपरूचा हात वेगात फिरतो तिथे रेष हलकी सोडून द्या, अर्धवट राहिली तरी चालेल, उलट त्यानेच वेग दिसतो.

एका कागदावर तीन-चार स्केचेस एकदम चालू ठेवा. एक टिपरू वर असतानाचं, एक ढोलावर पडतानाचं, एक अंग वळतानाचं, आणि जी पोझ परत येईल त्या स्केचवर जाऊन दोन रेषा वाढवा. मधूनच कागदाकडे अजिबात न बघता पण एखादं काढा, प्रमाण बिघडेल पण डोळा वादकावर टिकायला लागतो.

अडलात तर वारलीतला तारपा नाच बघा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड होतं आणि ते कमरेत कललं की माणूस नाचायला लागतो, किती कमी रेषांत! के. के. हेब्बर यांची नर्तकांची रेखाटनं पण बघाच, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधे शिकलेल्या या चित्रकाराने लय कळावी म्हणून चक्क कथकचं शिक्षण घेतलं होतं. तुम्ही पण घरी आरशासमोर वादकासारखं उभं राहून बघा, पाठ कुठे ताणते ते कळेल आणि दुसऱ्या दिवशी पहिली रेष टाकताना नेमकं तेच आठवेल.

चारकोल असेल तर घरी आल्याआल्या फिक्सेटिव्ह (चारकोल कागदावर धरून ठेवणारा स्प्रे) मारा, नाहीतर सगळं पुसलं जातं, आणि मागे तारीख टाका.