आरव्हीतील फर्नेसचा थर्मोस्टॅट बदलताना

जुन्या आरव्हीतली, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरमधली किंवा मोटरहोममधली, फर्नेस (गॅस जाळून आतली हवा तापवणारे यंत्र) पेटली नाही की पहिला संशय भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर जातो, कारण चटकन हाताला लागणारी वस्तू तीच असते. बऱ्याचदा तो निर्दोष असतो. ऑक्टोबरात आम्ही अमेरिकेतील युटामध्ये ब्राइस कॅनियनजवळ मुक्कामाला होतो. त्या दिवसांत तिथे रात्री पारा शून्याखाली उतरतो, आणि नेमकी तेव्हाच फर्नेस बंद पडली. सकाळी मी घाईने थर्मोस्टॅट बदलला आणि संध्याकाळी कळले की दोष उतरलेल्या बॅटरीचा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी, तसा हा प्रकार झाला. म्हणून पैसे खर्च करण्याआधी जुना थर्मोस्टॅट खरोखरच बिघडला आहे, याची खातरजमा करावी.

इथे विचार केला आहे तो केवळ गॅसच्या फर्नेसला जोडलेल्या, दोन तारांच्या आणि सरकत्या कळीच्या साध्या थर्मोस्टॅटचा. त्याच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. थंडीत ती वळते आणि दोन तारांमधील संपर्क जोडते. म्हणजे मुळात तो तापमानावर चालणारा एक स्विच आहे, आणि तपासणीही त्याच न्यायाने करायची असते. प्रथम मल्टिमीटरने बॅटरी मोजावी. पूर्ण भारित लेड-अॅसिड बॅटरी स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बॅटरीचा विद्युत दाब फार उतरलेला असेल तर ब्लोअर (फर्नेसचा पंखा) फिरतो खरा, पण हवेच्या झोताने संपर्क जोडणारा ‘सेल स्विच’ (इथे सेल म्हणजे शीड) दाबला जाईल इतका जोर त्यात उरत नाही, आणि मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतच नाही. बॅटरी ठीक असल्यास वीज तोडून थर्मोस्टॅटच्या दोन्ही तारा सोडवाव्यात, त्यांची उघडी टोके एकमेकींना पीळ देऊन जोडावीत आणि वीज पुन्हा सुरू करावी. फर्नेस नेहमीप्रमाणे पेटली तर थर्मोस्टॅट दोषी. नाही पेटली तर दोष फ्यूज, जोडणी किंवा प्रत्यक्ष फर्नेसमध्ये शोधावा लागतो. यादरम्यान गॅसचा वास आला तर काम तिथेच थांबवून बाहेर पडावे आणि सिलिंडर बंद करावा.

नवा थर्मोस्टॅट निवडताना अनेक जण फसतात. अमेरिकेतील घरांमधली फर्नेस साधारणपणे २४ व्होल्टच्या एसी (उलटसुलट) प्रवाहावर नियंत्रित होते, तर आरव्हीतील नियंत्रण १२ व्होल्टच्या डीसीवर (एकाच दिशेच्या प्रवाहावर) चालते. त्यामुळे घराच्या वायरिंगमधूनच वीज घेणारे वायफायचे स्मार्ट थर्मोस्टॅट सहसा इथे कामाचे नसतात. मात्र स्वतःच्या सेलवर चालणारा आणि आत केवळ रिलेने (विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचने) संपर्क जोडणारा साधा डिजिटल थर्मोस्टॅट उत्तम चालतो, कारण फर्नेसच्या दृष्टीने तोही एक स्विचच असतो. फक्त त्याच्या माहितीपत्रकात १२ व्होल्ट डीसीची नोंद आहे ना, हे पाहून घ्यावे. जुन्या थर्मोस्टॅटमागून टेलिफोनसारखी चपटी केबल निघत असेल तर तो वातानुकूलन यंत्र आणि फर्नेस या दोन्हींशी सांकेतिक भाषेत बोलणारा आहे असे समजावे आणि त्याच कंपनीचा जुळणारा थर्मोस्टॅट आणावा.

वीज तोडणे म्हणजे केवळ बॅटरीचे ऋण टोक सोडवणे नव्हे. गाडी कॅम्पच्या विजेला जोडलेली असेल तर कन्व्हर्टर (त्या विजेचे १२ व्होल्ट डीसीत रूपांतर करणारे यंत्र) १२ व्होल्ट पुरवीतच राहतो, त्यामुळे ती केबलही काढावी लागते. १२ व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही, परंतु जिवंत तार चुकून धातूला टेकली तर फ्यूज उडतो, आणि नशीब फारच खराब असेल तर फर्नेसचा कंट्रोल बोर्ड जातो. झाकण काढल्यावर जोडणीचे छायाचित्र घ्यावे. तार सोडवताच तिला चिकटपट्टीने भिंतीवर डकवून ठेवावे, कारण एकदा ती छिद्रातून आत सटकली की पातळ प्लायवूडच्या मागून ती पुन्हा बाहेर काढताना जीव मेटाकुटीस येतो. तारांच्या रंगांवर विसंबू नये. रंगांची पद्धत गाडीगणिक बदलते.

तारा आत येतात ते छिद्र नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी पुटीने किंवा स्पंजच्या तुकड्याने बुजवावे. याकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. भिंतीच्या पोकळीतली गार हवा त्या छिद्रातून थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते, त्याला सारी खोली गार वाटते आणि फर्नेस विनाकारण चालत राहते. जागा बदलायची मुभा असेल तर आतली भिंत निवडावी. गरम हवेच्या झरोक्यासमोर, दिव्याच्या वर किंवा उन्हाच्या तिरिपीत तो बसवू नये. मागची पाटी आखूड स्क्रूने बसवावी आणि स्क्रू हातानेच आवळावेत, कारण पातळ प्लायवूडमधले छिद्र चटकन सैल होते. एक तार ‘आर’ (R) किंवा ‘आरएच’ (RH) असे लिहिलेल्या टोकाला आणि दुसरी ‘डब्ल्यू’ला (W) जोडावी. फक्त दोनच तारा असल्यामुळे त्यांची अदलाबदल झाली तरी बिघडत नाही. ‘सी’ (C) हे टोक मोकळे सोडावे.

बहुतेक डिजिटल थर्मोस्टॅटमध्ये गॅस आणि विद्युत उष्णता यांतून एक निवडण्याची सोय असते. तिथे गॅस निवडावे, कारण आरव्हीची फर्नेस आपला ब्लोअर स्वतःच सांभाळते. दुसरी नोंद तापमानाच्या फरकाची, म्हणजे ठरवलेल्या तापमानाच्या किती खाली गेल्यावर फर्नेस पुन्हा लागावी याची. लहानशा जागेत हा फरक अगदी कमी ठेवला तर फर्नेस दर काही मिनिटांनी चालू-बंद होते, झोप मोडते आणि बॅटरीही उतरते. २ अंश फॅरनहाइटपासून सुरुवात करून तो सोयीप्रमाणे वाढवावा.

आता वीज जोडून तापमान खोलीपेक्षा ५ अंशांनी वर न्यावे. प्रथम थर्मोस्टॅटमध्ये ‘टक्’ असा आवाज होतो, ब्लोअर सुरू होतो, साधारण १५ ते ३० सेकंदांनी ठिणग्यांची टिकटिक ऐकू येते आणि पाठोपाठ बर्नर हलकासा ‘भप्प’ करून पेटतो. तापमान खाली आणले की ज्योत विझते, पण ब्लोअर आणखी थोडा वेळ फिरतो. आतली उष्णता बाहेर टाकण्याची ती व्यवस्था आहे, बिघाड नव्हे.

नव्या थर्मोस्टॅटमुळे एक नवी जबाबदारी मात्र येते, ती सेलची. जुन्या सरकत्या कळीला सेल लागत नव्हते. याचे सेल संपले की फर्नेस लागत नाही, आणि कडाक्याच्या रात्री पाण्याचे पाइप गोठतात. हिवाळी प्रवासाला निघण्यापूर्वी नवे अल्कलाइन सेल घालावेत, एक जोडी खणात ठेवावी, आणि गाडी काही महिने उभी राहणार असेल तेव्हा आतले सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून संपर्काच्या पट्ट्या हिरव्या पडतात.